विषय क्रमांक चौदा

महिन्याला चार हजार, म्हणजे वर्षाचे अठ्ठेचाळीस; तेही बसल्या जागी. नगराध्यक्ष खुशीत होते. त्यांच्यासकट एकवीसही नगरसेवकांना मानधनात तेवढीच वाढ मिळणार होती, त्यामुळे विरोधी पक्षसुद्धा हल्ली फार गोड बोलत होता.

पालिकेच्या शहाऐंशी नोकरांना यंदा वाढ मिळाली होती महिन्याला एकशेवीस. "एवढ्यात माझी चप्पलसुद्धा शिवून होत नाही, ताई," हेडक्लार्क बाईंची धाकटी बहीण म्हणाली. ती पालिकेच्याच दवाखान्यात नर्स होती आणि आता राजीनामा लिहून पर्समध्ये घेऊनच हिंडत होती.

सभेच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी हेडक्लार्क बाईंना ठराव सांगायला घेतला.

"बाई, 'नगरसेवक' हा शब्द कुठे नको. पत्रकार टपून बसलेत."

"मग काय लिहू, साहेब?"

"लिहा, पालिकेच्या तिजोरीतून दरमहा पैसे घेणारे सर्व."

"सर्व?"

"सर्व म्हणजे सर्व! एकाला जरी वगळलं ना, माझी खुर्ची जाईल."

'सर्व' म्हटलं की अध्यक्षांच्या डोळ्यांपुढे एकवीसच माणसं येत. सांगितलं तसं बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली अध्यक्षांची सही घेतली. दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी विषय क्रमांक चौदा निघाला. वाचला असं समजून एकमताने मंजूर झाला. घड्याळ लावून अर्धं मिनिट.

पहिल्या तारखेला ठरावाप्रमाणे झाडूवाल्यांचे, नर्सेसचे, पाण्याच्या पंपावरच्या माणसांचे पगार चार-चार हजार वाढवून झाले. दुपारी अध्यक्ष धापा टाकत बाईंच्या टेबलापाशी आले.

"आधी रद्द करा हो ते!"

"करू या की. फक्त नियम असा आहे, साहेब, की उघड्या सभेत प्रत्येकाने उभं राहून कारण सांगायचं. तुमच्या नावापुढे काय लिहू? वाढ फक्त आमच्यापुरती होती, असं?"

सभा भरली. प्रेक्षकांच्या बाकांवर बाई सोडून बाकीचे पंचाऐंशी जण गणवेशात येऊन बसले. बाईंनी एकेका नगरसेवकाचं नाव पुकारलं. एकही उठला नाही. दोघांनी तर ही मागणी मुळात आपलीच होती, अशा थाटात टाळ्या वाजवल्या. धाकटीने राजीनामा तिथेच बसल्या बसल्या फाडला.

प्रश्न उरला पैशांचा. नगरसेवकांच्या वाढीची तरतूद अध्यक्षांनी आधीच करून ठेवली होती; नोकरांच्या वाढीला वर्षाला एक्केचाळीस लाख अठ्ठावीस हजार हवे होते. हिशेबनिसाने अंदाजपत्रक तीनदा चाळलं. रस्ते, पाणी, औषधं, कशालाच हात लावता येईना. शेवटी एकच रक्कम मोकळी सापडली: नगरसेवकांचा दरवर्षीचा परदेश अभ्यासदौरा. माणशी दोन लाख, एकूण बेचाळीस.

वर्षअखेरचा जमाखर्च सरळ आहे. अध्यक्षांचे अठ्ठेचाळीस हजार आले, दोन लाख गेले. नोकरांच्या वाढीपायी गावाला एक पैसा जास्त पडला नाही. वाढ एकशेसात जणांना मिळाली. भरली फक्त एकवीस जणांनी.