अतिफिकट, लहान

“दिसली?” मैत्रेयीनं विचारलं.

तिच्या बाबांनी, मारोती सरांनी, दुर्बिणीवरून डोळा काढला. “दिसली ना. फिकट हाय, पण हाय.”

मैत्रेयीला गच्चीवरच नाचावंसं वाटलं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका जुन्या यादीत त्या दीर्घिकेपुढे दोनच शब्द होते : अतिफिकट, लहान. यादी करणाऱ्यानं तिची जागाही जराशी चुकीची लिहून ठेवली होती. ढाणकीच्या या गच्चीवर बापलेकीनं किती हिवाळे तिच्या मागे घालवले. आज दिवेलागणीनंतर ती मैत्रेयीला अचानक सापडली, आणि उद्या सकाळच्या गाडीनं मैत्रेयी पुण्याला निघणार होती, असल्याच दीर्घिकांवर संशोधन करायला.

म्हणून तर ती धावत खाली गेली होती आणि बाबांना हाताला धरून वर घेऊन आली होती. पुण्याचं ठरल्यापासून बाबा तिच्याकडे बघतच नव्हते. बोलायचे, हसायचेही, पण नजर तिच्या कानाशेजारून पलीकडे, दाराच्या चौकटीवर. आई म्हणायची, जीव जड झाला असेल त्यांचा. मैत्रेयीला तो राग वाटायचा आणि फार लागायचा. निघण्याआधी एकदा तरी त्यांनी आपल्या तोंडाकडे बघावं, एवढंच तिला हवं होतं.

“सरळ तर नाही ना पाह्यलं?” तिनं चिडवलं.

“मलेच शिकवतं का?”

तिला शिकवलं होतं त्यांनीच. फिकट गोष्टीवर नजर रोखली की ती नाहीशी होते. जरा बाजूला पाहायचं, मग ती डोळ्याच्या कडेला उमटते. त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणायचं. लहानपणी एकदा तिनं उगीच ‘दिसलं’ म्हटलं, तर बाबांनी कितीतरी दिवस तिला दुर्बिणीला हात लावू दिला नव्हता.

पुन्हा एकदा पाहावी म्हणून ती वाकली. सगळा काळोख. एक चांदणीसुद्धा नाही. तिनं नळीच्या तोंडाशी हात नेला आणि तो तिथंच थांबला. खाली जाताना दव पडू नये म्हणून तिनंच पोह्याच्या डब्याचं झाकण त्यावर बसवलं होतं. घाईत काढायचं विसरली होती.

“बाबा, झाकण तसंच हाय.”

मारोती सर चाचपडत पाण्याच्या टाकीला टेकले.

“पडद्याचा मधला भाग गेला म्हने डॉक्टर,” ते म्हणाले. “दोन्ही डोळ्यांचा. कडा तेवढ्या राह्यल्या. इलाज नाही.”

“मले सांगतलं काहून नाही?”

“तू पुण्याले गेली नसती.”

खरंच गेली नसती. पण थांबून तरी काय करणार होती? डब्याचं झाकण हातात धरून ती नुसती उभी राहिली. रडू आवरेना.

“म्हणजे तुमचा राग नव्हता माह्यावर?”

“राग कायचा?” त्यांची नजर पुन्हा तिच्या कानाशेजारून पलीकडे गेली. “इतके दिवस तुलेच तर पाहून राह्यलो, बेटा. सरळ पाह्यलं का तू दिसत नाही.”