हरित पक्षाचा दसरा
दसऱ्याच्या मुहूर्तावर आमच्या ह्यांनी दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये पर्यावरणवादी पक्ष काढला. सरकारी नोकरांना राजकारण वर्ज्य, म्हणून अध्यक्ष मी. श्रीखंड-पुरीचं खातंही माझ्याकडेच, त्यामुळे मी सकाळपासून ओट्यापाशी. घरोघरी मारुती आल्या, झाडं गेली, यमुनेचा नाला झाला, यावर ह्यांच्या ऑफिसातले चार साहेब सोफ्यावर बसून तासभर हळहळले. निवडणूक चिन्ह ठरलं आपट्याचं पान. पहिली जाहीर सभा रविवारी भर दुपारी, खाली मी लावलेल्या झाडाच्या सावलीत. मग सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली, की हिरव्या पानाला हात लावणार नाही. शपथ संपते न संपते तोच ह्यांनी करोल बागच्या साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी आणली, त्यातली पानं टीपॉयवर उपडी केली आणि साहेब लोक एकमेकांना सोनं वाटू लागले. मी एक पान उचलून पाहिलं. "हा आपटा नाही, कांचन आहे." "अगं, दिल्लीत आपटा कुठून आणायचा? खालच्या झाडाचीच तोडली सकाळी. चलता है," हे म्हणाले. मी बाल्कनीत गेले. माझा कांचन खाली उभा होता, नुसत्या काड्या. शिडी अजून त्याला टेकलेली होती. "अध्यक्षबाई, सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा," मागून एक साहेब म्हणाले. मी ओंजळ पुढे केली, ती भरेपर्यंत थांबले. म्हटलं, "रविवारची सभा झाडाखालीच होईल. टोप्या घालून या."