नायकाचा ढावलो

सासरी मार खाऊन ममता माहेरी परत आली, तेव्हा बंजारा तांड्याचा प्रमुख, नायक धनसिंग याने तिला हाकलून दिलं. "ढावलो झालेली पोरगी तांड्याले परकी," तो म्हणाला. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या मुलीच्या गळ्यात पडून बायका रडत गातात ते निरोपाचं गाणं. त्याच रागात ममताची आई रामीबाई सरपंचपदाला उभी राहिली.

"ही निवडून आली, तर मी नेपाळले राहाले जाईन," पानठेल्यावर धनसिंग सगळ्यांना हसून सांगायचा.

रामीबाई निवडून आली. अंगावरचा गुलालही न धुता ती तांड्यातल्या बायकांना घेऊन धनसिंगच्या दारात गेली. त्याच्या डोक्यावर नवरीची ओढणी टाकून तिने त्याच्या गळ्यात पडून ढावलो सुरू केला. एकेक बाई त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडू लागली. त्याच्या बायकोने तर भरलेली बॅगच आणून दारात ठेवली.

"अवो भाभी, मजाक केली होती मी!"

"आता काय उपयोग, नायक? ढावलो झाला. तुम्ही परके झाले."

"गाणं म्हटल्यानं कोणी परकं होते काय?" धनसिंग साऱ्या तांड्यासमोर ओरडला.



रामीबाईचं रडणं तिथंच थांबलं. ती मोबाईल धरून उभ्या असलेल्या पुतण्याकडे वळली, "शाम, आलं का हे व्हिडिओत? ममताले पाठव. म्हणावं, घरी ये, नायकानं आपलाच निकाल फिरवला."