बाबांचीच काडतुसं

"तांब्याची गोळी घे, मार्लीन," दुकानदार ड्यूई म्हणाला. "अंगात फुटत नाही, मांस नासत नाही. ती शिशाची गोलतोंडी आता वापरतं कोण?"

"बाबा वापरतात. घरात एकही काडतूस उरलेलं नाही. एकशेऐंशी ग्रेन वजनाच्या गोळीची दोन खोकी दे."

"दुसरं कुणाला?"

"मला."

ड्यूई तिच्याकडे बघतच राहिला. नेम चुकला की चुकणाऱ्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचा लोंबता तुकडा, कापून शिकारीच्या झोपडीत भिंतीला खिळ्यानं ठोकायचं, ही त्या डोंगरातली रीत. मार्लीनचं तांबडं शेपूट तिथं सव्वीस वर्षं लटकत होतं. त्यानंतर तिनं हरणावर बंदूक उचलली नव्हती.

पण लॉईडबाबांच्या डोळ्यांत आता धुकं साचलं होतं. ही त्यांची शेवटची शिकार. ते हात हलवत परतले असते तर तिला सोसलं नसतं. हरीण सोलताना गोळी शोधून बरणीत टाकायची, ही त्यांची जुनी खोड. वेगळी गोळी हाताला लागली असती तर सगळंच उघडं पडलं असतं.

तिनं दिलेलं खोकं बाबांनी कोटाच्या खिशात टाकलं. "तूही बंदूक घे बरोबर," ते म्हणाले. "अस्वलांचा भरवसा नाही."

हंगामाच्या पहिल्या सकाळी एक नर हरीण ओढ्यापाशी आलं. बाबांनी बंदूक खांद्याला लावली. चार पावलं मागे मार्लीननंही लावली. बाबांनी श्वास रोखला, तेव्हाच तिनं चाप ओढला. दरीत एकच बार घुमला आणि नर कोसळला.

"लागली?" बाबांनी विचारलं.

"लागली, बाबा. तुमची कधी वाया गेलीय का?"

"पुरे. चढवू नकोस मला."

झोपडीत सोलताना त्यांनी कातड्याखाली चाचपून चपटी गोळी काढली आणि अंगठ्यानं चोळली. "शिशाचीच," ते म्हणाले. मार्लीनचा जीव भांड्यात पडला. बरणीत टाकायची सोडून त्यांनी ती तिच्या तळहातावर ठेवली. "ही तू ठेव, पोरी."

तिला भरून आलं. म्हातारा निरोप घेतोय, असं तिला वाटलं.

बाबा हात धुवायला गेले. त्यांचा ओला कोट शेगडीपाशी टांगायला तिनं उचलला, तर खिसा जड लागला. आत एक विटलेलं तांबडं फडकं होतं, मधोमध खिळ्याचं भोक पडलेलं. फडक्यात खोकं गुंडाळलेलं होतं.

तिनं झाकण उघडलं. वीसच्या वीस काडतुसं जागच्या जागी होती.