घरचं धरत नाहीत

आजोबा काही केल्या तोंड उघडत नव्हते. चमचा ओठांपाशी आला की मान भिंतीकडे. सूप दोनदा गरम करून आणलं होतं, आता तेही निवत चाललं होतं.

"राहू दे," शेजारच्या खाटेवरचं सलाईन बदलता बदलता सिस्टर म्हणाल्या. "सकाळी माझ्यापुढेही हेच. मुलाची वाट बघतात, आणि तो काही यायचं नाव घेत नाही. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल."

"अजून एकदा बघते," ती म्हणाली.

ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. पुढे ज्या संस्थेत फिजिओथेरपीला जायचं, तिथे अर्जासोबत रुग्णसेवेचे तास दाखवावे लागतात, म्हणून रोज दुपारी जेवणाच्या पाळीला या वॉर्डात यायची. अंगावर स्वयंसेवकांचा हिरवा एप्रन, दोन मापं मोठा. सवयीने ती आधी खाटेच्या डाव्या बाजूला बसली होती. मग लक्षात आलं, आजोबांचं डावं अंग गेलेलं आहे, यांना उजवीकडून भरवायला हवं. तिने स्टूल उचलून पलीकडे नेलं, पाठीशी उशी दिली, हनुवटी किंचित खाली आणली आणि चमचा अर्धाच भरला.

सिस्टर बघत राहिल्या. "हे कोणी शिकवलं तुला? नाहीतर नव्या मुली सूप गळ्याखाली कमी आणि गळ्यावर जास्त घालतात."

"घरी शिकले. बाबांनाही अर्धांगवायूच झालाय. त्यांची उजवी बाजू."

"आणि आत्ता त्यांच्यापाशी कोण?"

"आत्या येते दुपारची."

"घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं," सिस्टर म्हणाल्या. "अगं, वडिलांचं करतेस तेच लिही की अर्जात."

"विचारलं होतं. घरचं धरत नाहीत."

हे तिला कॉलेजातल्या मार्गदर्शक मॅडमनी पाठीवरून हात फिरवत समजावलं होतं. त्यांचंही काही चुकत नव्हतं. उद्या कोणीही उठेल आणि आजीचे पाय चेपले म्हणून दाखला मागेल. थोडक्यात काय, बापाला भरवलं तर ते लेकीचं काम, आणि दुसऱ्याच्या बापाला भरवलं तर तो अनुभव. महिनाअखेरपर्यंत तास भरले नाहीत तर वर्ष हातचं जाणार होतं.

बाबांकडे आता दोन-तीनच शब्द उरले होते. त्यातला एक "जा". दुपारी ती दाराशी घुटमळली की ते चांगला हात दरवाजाकडे करून, घशाच्या शिरा ताणून तेवढा शब्द बाहेर काढत. आणि ती गेली की तोंडाला कुलूप. आत्याने गोंजारून पाहिलं, रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. आधी नुसतं दुपारचं जेवण अडलं होतं, आता इतर वेळीही ते धड खात नव्हते. रोज वॉर्डाच्या पायऱ्या चढताना तिला आपण फार मोठं पाप करतोय असं वाटायचं, तरी ती चढायचीच.

एप्रनच्या खिशात फोन थरथरला. सिस्टरनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

"दादा पाणीसुद्धा घेत नाहीये गं," आत्या म्हणाली. "काल रात्रीपासून पोटात काही नाही. आत्ता डॉक्टर बघून गेले. म्हणाले, तासाभरात थोडं तरी गेलं तर ठीक, नाहीतर दाखलच करा. तुझ्याच हातचं घेईल तो. येतेस का?"

तिने सिस्टरकडे पाहिलं.

"जायचं तर जा बाळ," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "पण अर्धी पाळी मला लावता येत नाही. वरून विचारतात."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग हातातल्या वाटीकडे. निघाली तरी घर गाठेपर्यंत तो तास सरणार होता. राहिली तर तिथे बाबा उपाशी. एकाच दुपारी दोन्हीकडे असायला हवं होतं आणि ती जिथे नको तिथे होती.

"आत्या, फोन बाबांच्या कानाला लाव. आणि चमचा तयार ठेव. डावीकडून."

पलीकडे खाट करकरली. मग बाबांचा श्वास ऐकू आला, जड, घरघरता. तिने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. डोळे भरले होते, तरी सवयीने तिने चमचा भरला.

"बाबा," ती म्हणाली. "मी बोलतेय. आ करा बघू. माझ्यासाठी एक घास."

समोर आजोबांनी मान वळवली. तिच्याकडे बघत त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

"नाही गं उघडत," फोनमध्ये आत्या म्हणाली. "पुन्हा म्हण."

चमचा हातात भरलेलाच होता. तो तिने आजोबांना भरवला. त्यांनी गिळल्यावर पुन्हा भरला, आणि डोळे न पुसताच म्हणाली, "बाबा, आ करा."