सहा वर्षं न लागलेलं पॅकेज

ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी मॅनेजर बाईंनी नोकरी सोडून निघालेल्या प्रोग्रामरला एकच काम दिलं. "जाता जाता आपल्या सॉफ्टवेअरमधली बिनवापराची पॅकेजं तेवढी काढून टाक रे. नुसती अडगळ झालीये."

उद्या सकाळी नऊला रिलीव्हिंग लेटर, म्हणजे इथून मोकळं केल्याचं पत्र, घेऊन नव्या कंपनीत हजर व्हायचं होतं, त्यामुळे गडी हवेत होता. शिट्टी वाजवत त्यानं यादी काढली. सहा वर्षांत एकदाही न लागलेली चौदा पॅकेजं, म्हणजे एकेका कामाचे छोटे प्रोग्राम, निघाली. नावं वाचत कोण बसतंय! त्यानं चौदाच्या चौदा उडवली, हात झटकले आणि ऐटीत 'रिलीव्हिंग लेटर'चं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. छे!

बाई त्याच्या खुर्चीमागे येऊन वाकल्या. "अरे शहाण्या, लेटर बनवणारं पॅकेजच उडवलंस की तू!"

"पण ते सहा वर्षांत कुणी वापरलंच नव्हतं, मॅडम!"

"वापरणार कोण? सहा वर्षांत इथून सुटलंय कोण?"

"मग हातानं लिहून द्या ना."

"चालत नाही. सिस्टिमचाच शिक्का लागतो, त्याशिवाय कुणाला सोडता येत नाही."

"बरं, परत बसवतो. दोन मिनिटांचं काम."

"राजीनामा दिलेल्याला फक्त काढायची परवानगी असते, बसवायची नाही. तुझ्या जागी नवीन माणूस येईल, तोच बसवू शकेल."

"तो कधी येणार?"

"तू गेलास की लगेच," बाई मायेनं म्हणाल्या.