भाकरीत काय मिसळतात

“आता ही खा,” मेसचा मालक शहाजी म्हणाला.

मेसला भाकऱ्या पुरवणाऱ्या निंगव्वानं टोपलीतून आणखी एक कडक भाकरी काढली, मोडली आणि तुकडा तोंडात टाकला. ही सहावी. घास कोरडा होता, गिळता गिळवत नव्हता. जेवायला आलेल्या कॉलेजच्या मुली ताटं धरून तिच्या तोंडाकडं बघत होत्या. पायल नावाच्या एकीनं मोबाइल वर धरला होता.

इंद्रायणी मेससमोर रिक्षातून उतरली आणि तिथंच थांबली.

ती एका शाळेत क्लार्क होती. तीन महिन्यांपूर्वी तिनं ब्लॉग सुरू केला होता, सोलापुरातल्या कष्टकरी बायांवर. लिहायची मनापासून. वाचणारे चौदा, त्यात दोनदा ती स्वतःच. मागच्या आठवड्यात तिनं निंगव्वावर लिहिलं. ब्लॉगचा क्लास घेणाऱ्या अनिमेषनं फक्त शीर्षक बदललं: ‘ही विधवा भाकरीत काय मिसळते? वाचून धक्का बसेल!’ “टाकू ना मॅडम?” त्यानं विचारलं होतं. ती हो म्हणाली. दोन दिवसांत नऊ हजार लोकांनी लेख उघडला. दोन्ही दिवस ती आकडा बघून खूश होती.

“शहाजीभाऊ, हे काय चाललंय? मावशींना खायला काय लावताय?”

“मग काय करू मॅडम? पोरी म्हनत्यात, बाई काय तरी मिसळती. फोनवर आलंय, फोटोसकट. उद्यापासनं मला ह्या भाकरी नकोत.”

इंद्रायणीनं आपला मोबाइल उघडला. पीठ लागलेल्या निंगव्वाच्या हातांचा फोटो, आणि त्याला अगदी चिकटून गजकर्णाच्या मलमाची जाहिरात. लाल, सोलवटलेली मांडी. खाली लोकांनी लिहिलं होतं. ‘नखं बघा हिची.’ ‘थुंकत पण असेल.’ त्यापुढं हसरे चेहरे. हेच पान ती दोन दिवस उघडून बसली होती.

तिनं अनिमेषला फोन लावला.

“काढू नका हं मॅडम!” तो घाईनं म्हणाला. “तीन महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी चालतंय. नव्या लोकांचं इथंच चुकतं, जरा चाललं की घाबरतात. आता शेंगाचटणीवर टाका. बाई कुठली पण चालेल.”

तिनं फोन ठेवला आणि लेख काढून टाकला.

“काढला,” ती शहाजीला म्हणाली.

पायलनं आपला मोबाइल पुढं केला. “इथं आहे की अजून.”

लेख दुसऱ्याच कुणाच्या तरी पानावर होता. तेच शीर्षक, तेच हात. इंद्रायणीचं नाव तेवढं गाळलं होतं.

“वाच की,” निंगव्वा पहिल्यांदाच बोलली. “काय लिवलंय ते मला कुटं ठावं हाय?”

इंद्रायणी पायलच्या मोबाइलवरून वाचू लागली. निंगव्वा ज्वारीच्या पिठात कढत पाणी ओतते, चिमूटभर मीठ टाकते. पीठ मळून मळून तिचे तळवे गुळगुळीत झालेत. भाकरी पातळ थापते, भाजते, मग विस्तवाच्या कडेला कडक होईस्तोवर उभी करून ठेवते. बाकी काही मिसळत नाही. नवरा गेल्यावर दोन मुली तिनं ह्याच भाकरीवर शिकवल्या.

ती थांबली, तरी मुली वाट बघत उभ्याच होत्या.

“संपलं?” पायलनं विचारलं. “मग धक्का कशाचा?”

इंद्रायणीला मान वर करता आली नाही. “ते शीर्षक लोकांनी वाचावं म्हणून घातलं होतं.”

निंगव्वानं ओठाला चिकटलेला भुगा पदरानं पुसला.

“मग वाचलं का कुनी?”